पुळण, कातळ आणि डिटेक्टर: कोकणात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

गुहागरला पाण्याच्या काठावरून पूर्वेकडे चालायला लागलं की पंधरा मिनिटांत तीन जमिनी पायाखालून जातात. आधी खाऱ्या पाण्याने चिंब झालेली टणक पुळण. मग सुरुबनापर्यंतची कोरडी, पाय रुतणारी वाळू. त्यानंतर नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि मागे चढ लागला की लाल माती नि जांभा. आपल्याला हा बदल सुंदर वाटतो. मेटल डिटेक्टरच्या दृष्टीने मात्र हे तीन वेगळे देश आहेत. एका ठिकाणी शांतपणे काम करणारं यंत्र पन्नास पावलांवर नुसतं ओरडत सुटतं.

म्हणून कुणी मला "कोणता डिटेक्टर घेऊ?" असं विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो: शोधायचंय काय, आणि कुठल्या जमिनीत? माझ्याकडे येणारी कामं साधारण ठरलेली असतात. पर्यटकांच्या हरवलेल्या अंगठ्या, मंगळसूत्रं, कानातली. वाडीत पुरलेली जुनी लोखंडी पाइपलाइन किंवा मातीखाली गेलेलं वॉल्व्हचं झाकण. आणि कापायला न्यायच्या आंब्याच्या ओंडक्यात कुणी कधीकाळी मारलेला खिळा, कारण तो पात्यात आला तर आऱ्यावरच्या माणसाच्या जिवाशी खेळ होतो. या तिन्ही कामांना एकच यंत्र चालेल, पण एकच लावणी, म्हणजे सेटिंग, चालणार नाही.

यंत्र काय ऐकतं ते आधी समजून घ्या

डिटेक्टरच्या खालच्या चकतीत, म्हणजे कॉइलमध्ये, तारेचे वेढे असतात. त्यातून बदलता प्रवाह गेला की जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. धातू त्या क्षेत्रात आला की त्याच्या अंगात छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात, आणि त्यांचं क्षेत्र यंत्र पकडतं. इथपर्यंत सोपं आहे. अडचण अशी की कोकणात धातू सोडून आणखी दोन गोष्टी उत्तर देतात.

पहिली म्हणजे मीठ. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे ओली पुळण यंत्राला एखाद्या पसरलेल्या पातळ पत्र्यासारखी भासते. बारीक सोनंही नेमकं त्याच पट्टीत बोलतं. दुसरी गोष्ट म्हणजे जांभ्यातली लोहद्रव्यं. ती चुंबकीय असल्यामुळे यंत्राला जमिनीतून लोखंडासारखी कुरकुर ऐकू येते. मिठाचा उपाय जांभ्याला चालत नाही आणि जांभ्याचा मिठाला. नव्या माणसाचे पहिले सहा महिने वाया जातात ते हे माहीत नसल्यामुळे.

तिसरा प्रकार मध्येच कुठेतरी भेटतो: काळी वाळू. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या खनिजाची काळी वाळू आहे. तिच्यात मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे, कण मिसळलेले असतील तर मीठ आणि लोह दोन्ही एकाच जागी भेटतात. ओळखायची सोपी युक्ती आहे. जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवा. पिशवीला काळी मिशी चिकटली की समजा, इथे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राचा कान किती तिखट ते, उतरवूनच काम करावं लागणार.

कोणतं यंत्र

बाजारात ढोबळमानाने तीन जाती आहेत.

एका फ्रिक्वेन्सीवर चालणारी यंत्रं सर्वांत स्वस्त. गॅरेट एस २५० हे ६.५ किलोहर्ट्झवर चालतं आणि त्याचा ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज वजा करणारी सोय, कारखान्यातच कायमचा लावलेला असतो. कोरडी वाळू आणि घराच्या अंगणासाठी ठीक, पण जांभ्यावर आणि ओल्या पुळणीवर ते हात टेकतं. याच जातीत नोक्टा सिम्प्लेक्स प्लस (१२ किलोहर्ट्झ) आणि गॅरेट एटी प्रो (१५ किलोहर्ट्झ) आहेत. दोन्हींना ग्राउंड बॅलन्स स्वतः लावता येतो आणि दोन्ही पाण्यात चालतात. कमी फ्रिक्वेन्सीला तांब्याचा हंडा, चांदीचं मोठं नाणं अशा गोष्टी चांगल्या लागतात. बारीक सोन्याला १५ किलोहर्ट्झ किंवा वरची बरी.

दुसरी जात एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणाऱ्या यंत्रांची. माइनलॅबची इक्विनॉक्स आणि व्हँक्विश ही त्यातली. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवरून आलेली उत्तरं ताडून यंत्र मिठाचा आवाज वजा करतं. किनाऱ्यावर ज्याला मनापासून काम करायचंय त्याने थोडे दिवस थांबून, पैसे साठवून याच जातीतलं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इक्विनॉक्स ८०० पाण्याखाली ३ मीटरपर्यंत चालतं. व्हँक्विशची फक्त कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही. लाटेत उतरायचं असेल तर हा फरक महाग पडतो.

तिसरी जात पल्स इंडक्शनची. ही यंत्रं ठोका मारतात, थांबतात, आणि धातूतला प्रवाह किती वेळात विझतो ते मोजतात. मीठ, काळी वाळू, जांभा यांचा त्यांना फारसा त्रास नाही, खोलीही चांगली मिळते. पण लोखंड आणि सोनं वेगळं सांगणं त्यांना नीट जमत नाही. जिथे होड्या ओढतात, जिथे जुने खिळे नि तारा पडलेल्या असतात, तिथे प्रत्येक आवाजाला खणावं लागतं. पहिलं यंत्र म्हणून मी हे सुचवत नाही.

आणि एक प्रकार कृपा करून घेऊ नका. "शंभर मीटरवरून सोन्याची दिशा दाखवतो" असं सांगून अँटेनावाली यंत्रं विकली जातात. असं काम करणारं कुठलंही विज्ञान नाही. गुप्तधनाच्या नादाने माणसं त्यात पैसे घालतात आणि त्यामागोमाग भोंदू येतात. असं काही विचारायला कुणी आलं तर मी चहा देतो आणि नाही म्हणतो.

कॉइल

यंत्राबरोबर बहुधा १०-११ इंची डीडी कॉइल (आत इंग्रजी D आकाराचे दोन वेढे असलेली) येते. पुळणीला तीच ठेवा. वाडीत, पडक्या घराच्या जोत्याजवळ, खिळ्यांनी भरलेल्या जागी ६ इंची छोटी कॉइल घ्या. ती कमी जमीन पाहते, म्हणून खिळ्याशेजारचं कानातलंही वेगळं ऐकू येतं. ओंडक्यातल्या खिळ्यासाठी तर छोटी कॉइल किंवा नुसता हातातला पिनपॉइंटर (काठीसारखा छोटा डिटेक्टर) पुरतो. साल काढून, ओंडका फिरवत फिरवत सगळ्या बाजूंनी तपासा.

घरी बसून स्वतःचा तक्ता करा

ही पायरी कुणी गाळू नये. का, ते माझ्या अनुभवावरून सांगतो.

पहिल्याच वर्षी एका कुटुंबाने बोलावलं. सुरुबनासमोरच्या कोरड्या वाळूत मुलांना खेळवताना ताईंचं मंगळसूत्र तुटून पडलं होतं. मी त्याआधी आठवडाभर गोळ्यांच्या पाकिटाची चांदी आणि सिगारेटच्या वेष्टनाचे तुकडे खणून वैतागलो होतो, म्हणून डिस्क्रिमिनेशनमध्ये, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज बंद करायच्या सोयीत, चांदीच्या कागदाची पट्टी बंद करून टाकली होती. तीन तास फिरलो. काही नाही. रात्री घरी आल्यावर आईला म्हटलं, जरा तुझं मंगळसूत्र दे. ते चटईवर ठेवून वरून कॉइल फिरवली. यंत्र गप्प! बंद केलेली पट्टी उघडली तेव्हा दोन वाट्या टुणकन बोलल्या. काळे मणी काचेचे, त्यांचा आवाज नाहीच. मधली तार इतकी बारीक की तिचाही नाही. यंत्राला अख्ख्या मंगळसूत्रातल्या फक्त त्या दोन पोकळ वाट्या दिसत होत्या, आणि त्यांचा आकडा (धातू ओळखायला यंत्र पडद्यावर दाखवतं तो) चांदीच्या कागदाशेजारीच होता. पहाटे परत गेलो आणि वीसेक मिनिटांत पहिली वाटी वाळू भरलेल्या अवस्थेत हाती लागली. दुसरी वीतभर अंतरावर होती. मणी मात्र ताईंनी एकेक करून वेचले.

तर तुमचा तक्ता असा करा. अंगणात, लोखंडी कॉटपासून दूर, लाकडी पाटावर एकेक वस्तू ठेवा: अंगठी, कुडी, नथ, मंगळसूत्राची वाटी, पैंजण, जोडवं, चांदीचं नाणं, बाटलीचा पत्र्याचा बिल्ला, कॅनची कडी, खिळा. डिस्क्रिमिनेशन पूर्ण उघडं ठेवा आणि प्रत्येकाचा आकडा वहीत लिहा. यंत्राच्या पुस्तिकेतल्या तक्त्यावर विसंबू नका. तो बहुधा परदेशी बाजारासाठी केलेला असतो आणि तिकडे १४ किंवा १८ कॅरेटचे दागिने जास्त चालतात. आपलं सोनं २२ कॅरेटचं, म्हणजे ९१६ च्या हॉलमार्कचं. त्यातून वीज जास्त सहज वाहते, त्यामुळे त्याच आकाराच्या अंगठीचा आकडा आपल्याकडे वर जातो.

नाण्यांचंही तसंच. आपली अलीकडची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. लोखंड बंद केलं की ती गप्प बसतात किंवा भलताच आकडा देतात. जुनी कॉपर-निकेलची नाणी मात्र नीट बोलतात. दोन्ही पाटावर ठेवून ऐका.

आणि साखळी. बारीक साखळीची प्रत्येक कडी सुटी असल्यामुळे प्रवाहाला फिरायला मोठं वर्तुळ मिळत नाही. पाच ग्रॅमची साखळी एका ग्रॅमच्या अंगठीपेक्षा अवघड जाते. ओल्या वाळूत तर ती मिठाच्या आवाजात विरघळून जाते. लॉकेट किंवा जाड फासा असेल तर आशा आहे. हे त्या घरच्या माणसांना आधीच सांगावं. खोटी आशा लावू नये.

जमिनीवर: कोरडी वाळू

सर्वांत सोपी. शिकण्याची सुरुवात इथूनच करा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर यंत्र त्याच्याशी बोलत बसतं. विजेच्या खांबापासून लांब व्हा. सेन्सिटिव्हिटी तीन चतुर्थांशावर ठेवा, डिस्क्रिमिनेशन उघडं. हेडफोन लावा, कारण वाऱ्यात हलका आवाज ऐकूच येत नाही.

ओली पुळण

इथे खरा कस लागतो. अनेक फ्रिक्वेन्सीचं यंत्र असेल तर बीच मोड निवडा. इक्विनॉक्समध्ये पहिला बीच मोड ओल्या-कोरड्या वाळूसाठी, दुसरा लाटेत आणि पाण्याखाली, जिथे ताकद कमी ठेवलेली असते. एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र असेल तर ओल्या वाळूवरच नव्याने ग्राउंड बॅलन्स लावा आणि सेन्सिटिव्हिटी एकेक घर उतरवत जा. बडबड थांबली की तिथेच थांबा. जास्त सेन्सिटिव्हिटी म्हणजे जास्त खोली, हा समज सोडून द्या. बडबडणारं यंत्र चार बोटांवरची अंगठीही चुकवतं, शांत यंत्र वीतभर खालचीही सांगतं.

चालायचं पाण्याच्या रेषेला समांतर. पाण्याकडून वर आणि वरून पाण्याकडे असं चाललात तर प्रत्येक पावलाला ओल बदलते आणि लावलेला बॅलन्स बिघडतो. समांतर गेलात की ओल सारखी राहते. दोन कॉइल सरकून पुढच्या पट्ट्यात आलात की बॅलन्स पुन्हा तपासा. कॉइलखालून लाटेचं पातळ पाणी सरकत असताना आलेला आवाज धरू नका.

वेळ तिथीवरून काढा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून ओहोटी सकाळ-संध्याकाळ पाच-साडेपाचला. त्या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी सर्वांत लांब जातं आणि एरवी बुडालेली पुळण उघडी पडते. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी जा, मागे सरणाऱ्या पाण्याबरोबर खाली उतरा आणि पाणी वळलं की निघा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत इतकं उघडं पडत नाही. नेमकी वेळ छापील कोष्टकात किंवा मोबाइलवर पाहा, पण हिशेब डोक्यात असू द्या. पावसाळ्यात समुद्र पुळणीची वाळू ओढून नेतो आणि पाऊस सरल्यावर हळूहळू परत आणून टाकतो. त्यामुळे त्या सुमाराला जुन्या थरातल्या वस्तू वर येतात. मात्र जून ते सप्टेंबर पाण्याच्या जवळही जाऊ नका.

लाल माती आणि जांभा

ग्राउंड बॅलन्स शिकायचा तर तो इथे. आसपास धातू नाही अशी जागा शोधा. बॅलन्सचं बटण दाबून धरा आणि कॉइल फूटभर उंचीवरून जमिनीच्या दोन इंच वर आणा, पुन्हा उचला. असं पाच-सहा वेळा, संथपणे. आवाज वर-खाली न होता सपाट झाला की आकडा पक्का. वाडीतल्या वालुकामय मातीतून गडगा ओलांडून सड्यावर गेलात की परत लावा. यंत्र आपोआप बॅलन्स बदलत राहील अशी सोय असेल तर हरवलेली वस्तू शोधताना ती बंद ठेवा. त्याच जागेवर पुन्हा पुन्हा कॉइल फिरवली की ते हलक्या आवाजालाही जमीन समजून गिळून टाकतं.

कोकणातली एक गोष्ट कुठल्याच पुस्तिकेत नसते. भाजलेली माती जास्त चुंबकीय होते. जिथे दरवर्षी तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, जमिनीची भाजावळ होते, जिथे होळी पेटते, जुन्या चुलाण्याची जागा असते, तिथे यंत्र अचानक कुरकुरायला लागतं. नवा माणूस खजिना सापडल्यासारखा खणत सुटतो आणि हाती काळपट माती येते. तसंच जांभ्याचे काही सुटे दगड एका दिशेने जाताना बीप करतात, उलट येताना नाही. दगड उचलून बाजूला ठेवा आणि त्याच्यावरून कॉइल न्या. तोच बोलतोय हे कळलं की पुढे चला.

पाइपलाइन शोधताना उलट करा: लोखंड उघडं, सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर, आणि लांब सरळ रेषेत येणारे आवाज खुणा करत जोडत जा. प्लॅस्टिकचा पाइप डिटेक्टरला दिसत नाही.

फिरवणं आणि खणणं

कॉइल जमिनीला समांतर, इंच-दीड इंचावर. दोन्ही टोकांना गवत कापल्यासारखी वर उचलली जाते, ती सवय मोडा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या निम्म्यावर यावी. आधी विचारा: उभे कुठे होता, कुठल्या झाडासमोर, चप्पल कुठे काढली होती? चार काठ्या रोवा, सुतळी बांधा, आणि उभे पट्टे झाले की आडवे पट्टे घ्या.

आवाज आला की नव्वद अंश वळून पुन्हा फिरवा. दोन्हीकडून सारखा आकडा म्हणजे खणण्यासारखं. बिल्ला मात्र फसवतो. त्याच्यासाठी कॉइल हळूच मागे ओढा, लक्ष्य पुढच्या कडेला आलं की आवाज फाटतो आणि लोखंडाची घरघर ऐकू येते. अंगठी कडेवरही तेवढीच स्वच्छ बोलते. शंका असेल तर खणाच. वाळूत जाळीचा स्कूप, मातीत छोटं खुरपं. खड्डा भरूनच पुढे जा, अंधारात त्यात कुणाचा तरी पाय मुरगळतो. निघालेला कचरा कमरेच्या पिशवीत घाला. अनोळखी नळकांडं किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता ११२ ला कळवा.

कुठे थांबायचं

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा, कुलाबा ही संरक्षित स्मारकं आहेत. तिथे परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग २०२५ साली जागतिक वारसा यादीतही गेले. किल्ल्याच्या आसपास यंत्र गाडीतून बाहेर काढू नका. मातीतून उपटलेली शिवराई कुठल्या थरात, कशाशेजारी होती ते पुन्हा कधीच कळत नाही. मला हे नुसत्या कायद्यापेक्षा मोठं नुकसान वाटतं.

जमिनीत दडवलेलं, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. पर्यटकाचा हरवलेला दागिना सापडला आणि मालक कळत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्या. खासगी वाडीत शिरण्याआधी मालकाची परवानगी, हे वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंडी घालण्याचा काळ. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे भरतीरेषेच्या वर घरटी असतात, साधारण दीड फूट खोल. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी माग दिसली तर तिथे खणू नका, गावच्या कासवमित्राला कळवा.

परत आल्यावर

यंत्र गोड्या पाण्याने धुवा. कॉइलचं प्लॅस्टिक कव्हर काढून आतली वाळूही काढा. त्या वाळूत काळे कण अडकले की पुढच्या वेळी कॉइल स्वतःलाच ऐकत बसते. चार्जिंगचं तोंड पूर्ण सुकल्याशिवाय उघडू नका. दांडीचे सांधे सुटे करून पुसा, नाहीतर मिठाने घट्ट बसतात. मग वही उघडा आणि तिथी, ओहोटीची वेळ, जमीन, सेन्सिटिव्हिटी, बॅलन्सचा आकडा, काय निघालं, हे एका ओळीत लिहा. माझ्या वहीतली शेवटची नोंद अशी आहे: वद्य त्रयोदशी, ओहोटी पावणेचार, ओली पुळण, सेन्सिटिव्हिटी १६, नऊ बिल्ले, शिशाची एक गोळी, बाळाचं चांदीचं वाळं एक. दुसरं वाळं अजून तिथेच आहे. परवा अमावस्या, पहाटे पाचला पुन्हा जायचंय.